बीव्हरचा सापळा आणि लेम्पी आत्याचं अर्धं वाक्य

शुक्रवारी दुपारी मी लेम्पी आत्याचं एक वाक्य मध्येच तोडलं. गुन्हा एवढाच. पण त्यापायी रविवारी सकाळी मी चर्चमध्ये उशीवर बसले होते, आणि पाद्री कोर्पेला माझी रांग सोडून बाकी सगळ्या रांगांकडे बघत प्रवचन देत होते.

लेम्पी आत्या ही बाबांची आत्या, आणि म्हणून साऱ्या गावाची आत्या. वय एक्याऐंशी. पन्नास वर्षं तिनं या जंगलात सापळे लावले. आता ती फक्त कॉफी पिते. साखरेचा खडा दातात धरते, बशीत कॉफी ओतते, फुर्रकन ओढते, आणि खडा विरघळेपर्यंत गप्प बसते. वाक्य सुरू होतं ते खड्याच्या आधी आणि संपतं ते खड्यानंतर. मधल्या वेळात माणसानं काय करावं? मी त्या वेळात तिचं वाक्य माझ्या मनानं पुरं करते आणि पुढचं बोलू लागते. (आमच्या घरातली वडीलधारी माणसं जेवढ्या वेळात 'बरं' म्हणतात, तेवढ्या वेळात कॉलेजात अर्धा धडा शिकवून होतो.)

झालं होतं असं. आमच्या तळ्यावर वसंतात एक बीव्हर येऊन राहिला. त्यानं ओढ्यावर काटक्या-चिखलाचा असा बांध घातला की तळं फुगत फुगत आत्याच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, उंबऱ्यापाशी आलं. तो ओंडक्यांचा सौना तिच्या वडिलांनी एकट्यानं कुऱ्हाडीवर उभा केलेला. आणखी वीतभर पाणी चढलं की तो कुजलाच म्हणून समजा.

"मी माणूस सांगितलाय," बाबा म्हणाले. "सोमवारी सकाळी येतो. पाण्याखाली चाप लावील, दोन दिवसांत निकाल."

"आणि पाणमांजर? तिची तीन पिल्लं आहेत पलीकडच्या काठाला. चाप काय नाव विचारून मान धरतो?"

"मग तू काय करणार?"

"मी जिवंत पकडणार. वन्यजीव खात्याचा परवाना काढते, सापळाही तेच देतात. रविवारपर्यंत बीव्हर बाहेर, आणि पाणमांजरीच्या मिशीलासुद्धा धक्का नाही!"

हे वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं. पुढे ते मला बरेचदा ऐकवलं गेलं.

सापळा म्हणजे उघडलेली जाळीची सुटकेस समजा. उथळ पाण्यात ती पसरून ठेवायची. मधल्या पट्टीवर पाय पडला की दोन्ही झाकणं खाडकन मिटतात, प्राणी आत, डोकं पाण्याच्या वर, अंगावर ओरखडा नाही. शुक्रवारी तो घेऊन मी स्वयंपाकघरात आले तेव्हा आत्या कॉफी पीत होती.

"इंकेरी," ती म्हणाली, "त्या वाकड्या बर्चच्या झाडाखाली... लावू नकोस. तिथं..."

खडा. फुर्र.

"तिथंच लावणार, आत्या. तिथं वासाचा ढीग आहे. बीव्हर चिखल रचतो नि त्यावर आपला वास सोडतो. तिसऱ्या सत्रात होतं आम्हाला."

"ढीग आहे खरा. पण तो..."

"पण नाही नि बिण नाही!" म्हणून मी निघालेसुद्धा.

शनिवारी सकाळी सापळ्यात पाणमांजर होती.

ती जाळीत गरगरा फिरत होती, फुत्कारत होती, आणि काठावर तिन्ही पिल्लं चिरक्या आवाजात रडत होती. ज्यांच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं, त्यांच्याच आईला मी कोंडलं होतं. मी हात घातला तर तिनं हातमोज्याचा अंगठाच काढून नेला. तेवढ्यात आत्या तिच्या चालीनं आली, खांद्यावरचं कांबळं तिनं सापळ्यावर टाकलं, आणि आत एकदम शांतता झाली.

"अंधार झाला की जनावर शांत होतं," ती म्हणाली.

दोघींनी मिळून झाकणं ओढली. पाणमांजर पाण्यात गेली, पिल्लं मागोमाग. मग आत्यानं काठीनं तो माझा वासाचा ढीग उकरला. त्यात माशांचे खवले होते, खेकड्यांची टरफलं होती.

"बीव्हर मासे खात नाही," आत्या म्हणाली. (हे वाक्य मात्र तिनं एका दमात पुरं केलं.) "ही पाणमांजरीची... परसाकडची जागा आहे."

म्हणजे चार वर्षं वन्यजीवशास्त्र शिकून मी एका लेकुरवाळीच्या संडासाच्या दारात सापळा लावला होता.

"मिशी कशी आहे तिची?" बाबांनी न्याहारीला विचारलं. "धक्का बिक्का?"

लाज वाटत होती, आणि मला लाज वाटली की राग येतो. त्या रागातच मी सापळा उचलला आणि सौनाच्या दाराशी, उजव्या हाताला नेऊन लावला. तिथं नुकतीच कुरतडलेली पॉप्लरची फांदी तरंगत होती. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

आत्या मागे उभी होती. "इथं नको. बांधाच्या टोकाला, जिथं त्याची... आणि आज शनि..."

"आज शनिवार आहे, ठाऊक आहे मला! पण पाणी उंबऱ्याला लागलंय. आज सौना पेटणार नाही. एक शनिवार नाही वाफ घेतली तर कुणी मरत नाही."

चार वाजता सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला. आत्याचा सौना गेली सहासष्ट वर्षं दर शनिवारी पेटतोय. ती काय माझ्या हुकमाची वाट बघणार होती? वर बाबांनी नव्या पाद्र्यांना बोलावून ठेवलेलं. आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची. आईची शनिवारी इस्पितळात ड्यूटी असते, म्हणून आत आम्ही दोघीच.

सापळा काढून ठेवावा असं माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण काढायचा म्हणजे आत्याचं बरोबर होतं हे कबूल करायचं, तेही एका दिवसात दुसऱ्यांदा. त्यापेक्षा मी तिला म्हटलं, "आत्या, बाहेर पडताना डाव्या हाताला पाण्यात उतरा हं. उजवीकडे सापळा आहे." तिनं मान हलवली. तिच्या ते पक्कं लक्षात राहिलं.

आत बसल्यावर आत्यानं तापल्या दगडांवर पहिला डबा पाणी ओतलं. वाफ अंगावर आली. मी हूं की चूं केलं नाही. दुसरा डबा. तिसरा. आमच्याकडे वाफेतून आधी कोण उठतं यावर माणसाची किंमत ठरते. कुणी तसं बोलून दाखवत नाही एवढंच. मी ठरवलं, सकाळपासून दोनदा हरलेय, एक्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे तिसऱ्यांदा हरायचं नाही.

पाचव्या डब्यानंतर माझ्या कानात घंटा वाजू लागल्या. आत्या वरच्या बाकावर पाय सोडून, बागेत बसावं तशी बसली होती.

"इंकेरी," ती म्हणाली, "जाताना..."

"मी आधी जाणार नाही!"

"नको जाऊस. पण जाशील तेव्हा..."

"जाणारच नाही म्हटलं ना!"

तिनं सहावा डबा ओतला.

मी गेले. गेले कसली, उडालेच. डोळ्यांत घाम, डोक्यात भट्टी, टॉवेल कसाबसा गुंडाळलेला, आणि दारातून बाहेर पडताच थंडगार पाणी. डावं-उजवं कुणाला आठवतंय? जे पाणी आधी दिसलं त्यात मी बसकण मारली. अहाहा! तो गारवा मला नीट आठवतो, कारण तो फार तर अर्धा क्षण टिकला.

खाड!

दोन्ही झाकणं मिटली. माझी मधली बाजू सापळ्यात. एका टोकानं पाय बाहेर, दुसऱ्या टोकानं डोकं. सुटकेस घाईत बंद करताना बाहीचा तुकडा बाहेर राहतो ना, तशी मी राहिले होते. (ओरखडा मात्र नाही. सापळा खरंच चांगला आहे.)

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून बाबा आणि पाद्री कॉफीचे कप घेऊनच धावत आले. मला बघितलं, आणि दोघांनीही ताबडतोब पाठ फिरवली. आत्या सौनातून बाहेर आली, डाव्या हाताला वळली, शांतपणे पाण्यात दोन डुबक्या मारल्या, झगा चढवला, आणि मग येऊन माझ्यावर काहीतरी टाकलं. सकाळचंच कांबळं. माशांचा वास येत होता.

"जनावर शांत होतं," ती म्हणाली.

"आत्या! खिट्ट्या काढा ना!"

"माझ्या हातात आता दोनदा जोर नाही राहिला. सकाळी एकदा झालं."

शेवटी बाबा आभाळाकडे बघत आणि पाद्री डोळे गच्च मिटून पाण्यात उतरले.

"पाद्रीबाबा, तुमच्या बाजूची दांडी ओढा," बाबा म्हणाले.

"माझी बाजू कोणती?"

"तुम्ही डोळे उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"मग राहू दे," पाद्री म्हणाले. "मी चाचपून... नाही नाही, चाचपत नाही! तुम्हीच माझा हात दांडीवर ठेवा."

पलीकडच्या काठावर पाणमांजर तीन पिल्लांना घेऊन ओळीत बसली होती. चौघंही बघत होती. तिनं पिल्लांना काय समजावलं असेल, याचा मी अजून विचार करते.

पुरुषांची पाळी झाली, पाद्री माझा निरोप न घेता घरी गेले. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. (बसायचा प्रश्नच नव्हता. मागच्या बाजूला जाळीचे चौकोन उमटले होते, मोजून घ्यावेत इतके ठळक.) सोमवार तोंडावर आला होता. चापवाला येणार, पिल्लांची आई मरणार, आणि ते माझ्या तोंडाळपणानं होणार. डोळे भरून आले.

"आत्या," मी म्हटलं, "सापळा कुठं लावू?"

तिनं खडा दातात धरला. बशीत कॉफी ओतली. फुर्र. मी थांबले. घड्याळ टिकटिकत होतं. माझी जीभ दोनदा वळवळली, मी ती दातांखाली धरली. खडा विरघळला.

"बांधाच्या टोकाला," आत्या म्हणाली, "त्यानं हातभर रुंद चर खणलाय. डहाळ्या तिथून ओढत नेतो." फुर्र. "पाणमांजर बांध मधूनच ओलांडते, त्या चरात शिरत नाही." फुर्र. "सापळा चरात. मासळीच्या वासाचा हातमोजा वापरू नकोस. वर ओली पॉप्लर ठेव. पाणमांजर काही डहाळी खात नाही." मग बराच वेळ गेला. "एकटाच आहे तो. पोरगा आहे, नुकता घर सोडून आलेला. समजतं कमी, करतो फार."

अकरा मिनिटं लागली. तेवीस वर्षं मी या बाईसमोर बसतेय, आणि तिच्या वाक्याला शेवट असतो हे मला त्या संध्याकाळी कळलं. तिनं तर शुक्रवारीच सांगायला सुरुवात केली होती.

रविवारी पहाटे सापळ्यात बीव्हर बसला होता. जाडजूड, चिडलेला, आणि तशाही अवस्थेत पॉप्लर कुरतडत. बाबांनी चापवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि फावडं घेऊन बांध फोडला. चर्चहून परतलो तेव्हा पाणी उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली गेलं होतं. पाणमांजर पिल्लांना घेऊन बर्चखाली आपल्या जागी गेली होती. तिच्या मिशा शाबूत होत्या. मी मुद्दाम दुर्बिणीनं पाहिल्या.

दुपारी खात्याचे गॉर्डनसाहेब बीव्हर न्यायला आले. वरच्या नदीवर सोडणार होते. त्यांनी टेबलावर कागद पसरला.

"बीव्हर एक. छान. बीव्हर सोडून आणखी काही सापडलं? नियम आहे, सगळं लिहावं लागतं."

"पाणमांजर एक," मी मान खाली घालून म्हटलं. "लगेच सोडली."

"आणखी?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं खडा दातात धरला होता. मला वाटलं, खडा विरघळायच्या आत साहेब कागद घडी करून निघतील. पण साहेबही गावचेच. ते लेखणी धरून थांबले. मीही थांबले. आता मध्ये बोलायची मला हिंमत नव्हती.

"मादी, एक," आत्या सावकाश म्हणाली. "वय तेवीस. इजा नाही." फुर्र. "आवाज फार."

साहेबांनी चेहऱ्याची रेषाही न हलवता लिहून घेतलं. "सोडताना वागणूक?"

फुर्र. "चावली नाही. चावायची लक्षणं होती."

"बरं. शेवटचा रकाना." साहेबांनी चष्मा सारखा केला. "पुन्हा सापडण्याची शक्यता?"

लेम्पी आत्यानं नवा खडा उचलला होता. तो तिनं बशीत परत ठेवला, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच, खड्याची वाट न बघता तडक उत्तर दिलं.

"आहे."