नवरदेवाचा आवाज

बीरान कोयाने आयुष्यात एकच वस्तू स्वतःच्या मनाने विकत घेतली, आणि ती नेमकी खरं बोलणारी निघाली.

तेक्केपुरम मोहल्ल्याच्या रीतीप्रमाणे लग्न झाल्यावर तो बायकोच्या घरी राहायला आला, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. तरी त्या घरात सगळे त्याला अजून नवरदेवच म्हणत. नवरदेवाच्या पानात कोंबडीची तंगडी पहिली पडे, पण खिडकीला पडदा कोणत्या रंगाचा लावावा हे त्याला कोणी विचारत नसे. त्याची उशीसुद्धा बायकोच्या बहिणींनी निवडलेली. (डोकं तेवढं त्याचं होतं, आणि त्याबद्दलही मेव्हण्यांचं मत फारसं बरं नव्हतं.) स्वतःचं म्हणावं असं त्या घरात त्याच्याकडे एकच होतं, ते म्हणजे आवाज. लग्नाच्या रात्री मित्रांनी आग्रह केला म्हणून तो गायला होता, आणि ते ऐकूनच कदीशा आपल्यावर भाळली, असं तो जन्मभर सांगत आला होता. कदीशाने त्याला कधी दुजोरा दिला नाही की खोडून काढलं नाही. गोष्ट तिथवर आली की ती हसून चहा आणायला जायची.

नातीचं लग्न ठरलं तसं बीरानच्या डोक्यात आलं, की तेच गाणं पुन्हा गायचं, घरीच रेकॉर्ड करायचं आणि मांडवात वाजवायचं. माइक त्याच्या तबलजी मित्राने, हम्साने दिला. नमुन्याला जुनी कॅसेट होतीच. लग्नाच्या त्या रात्री हम्सानेच माजघराच्या खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून ते गाणं टिपलं होतं. राहता राहिले स्पीकर.

दोघं दुकानात गेले. दुकानदाराने आधी एक चकचकीत जोडी लावली. असा ठेका घुमला, की बीरानच्या पोटातली बिर्याणी जागची हलली. तो खूश झाला, पण हम्साचं तोंड वाकडं.

"हे खोटं बोलतात," हम्सा म्हणाला. "मरतुकड्या आवाजालाही बाळसं आणतात. रेकॉर्डिंगला मॉनिटर स्पीकर लागतात. ते गोड बोलत नाहीत, जे आहे ते तोंडावर सांगतात."

"तसं एक माणूस आहे की घरात."

"मग आणखी दोन घे."

खऱ्याला भ्यायचं कारण बीरानला नव्हतंच. त्याने सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त जोडी निवडली. खिशाला परवडणारी होती हे खरंच, पण मुख्य म्हणजे ती छत्रीआड लपवून मेव्हण्यांच्या नजरेसमोरून खोलीपर्यंत नेता येत होती.

खोलीत वेगळाच घोळ झाला. हम्साचं म्हणणं, स्पीकर भिंतीपासून सुटे हवेत, कानाच्या उंचीवर हवेत, आणि ऐकणारा दोघांच्या बरोबर समोर मध्यावर हवा. पण खोलीभर लग्नातला शिसवी पलंग, आणि तो हलवणं म्हणजे घराचा पाया हलवणं. शेवटी एक स्पीकर शिवणयंत्रावर चढला, दुसरा कपड्यांच्या पेटीवर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. ऐकण्याची मोक्याची जागा मोजूनमापून पाहिली, तर ती आली नेमकी कदीशाच्या उशीवर. बीरानला दाराआडच्या स्टुलावर बसावं लागलं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना बोलावलं. कदीशा उशीवर, मेव्हण्या पलंगाच्या कडेला. कॅसेट लागली. घरातल्या जुन्या टेपवर फक्त गाणं ऐकू यायचं. आता गाण्याबरोबर खिडकीपलीकडचं माजघर खोलीत उतरलं. ताटं वाजली, बांगड्या किणकिणल्या, बायका खुसखुसल्या. मग कदीशाचा कोवळा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"उम्मा, हे अजून किती वेळ चालणार?"

मेव्हण्यांनी पदर तोंडाला लावले. बीरान स्टुलावर आक्रसला. पंचेचाळीस वर्षांची मिळकत एका वाक्यात गेली होती. इतक्यात पलीकडून दुसरा आवाज आला, जाडसर आणि सावकाश.

"गाऊ दे गं. इतका बेसूर असून इतक्या मनापासून गातोय. असा माणूस सोडून जायचा नाही. आणि त्या तांदळाच्या पत्तिरी झाकून ठेव, माश्या बसतात."

खोलीत कोणी हसेना. उम्माला, म्हणजे कदीशाच्या आईला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे दोन-चार फोटो होते, पण तिचा आवाज या जगात कुठे उरला असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. धाकटी मेव्हणी रडायला लागली. या घरात बीरानची बाजू घेणारी उम्मा एकटीच होती, आणि ते त्याला आज कळत होतं.

कदीशाने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. ती स्पीकरकडे कान लावून, डोळे मिटून ऐकत होती. ते पाहून बीरानला जरा धीर आला. काही का असेना, आपल्या गाण्यामुळेच हे टिपलं गेलं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि तो स्टूल थोडं पुढे सरकवून बसला.

"अहो," कदीशा डोळे पुसत म्हणाली, "फार मोठं काम केलंत तुम्ही. फक्त एक बघा ना. उम्माचं बोलणं मध्येमध्ये दबतंय. ते मागे कुणीतरी सारखं गातंय, तेवढं काढून टाकता येईल का?"