काळ्या मण्यापुढचा समुद्र

निघताना आत्याने मुद्रितशोधकाला अकरा सूचना दिल्या. पट्टी घडी घालून न्यायची नाही, गुंडाळून न्यायची. ओल्या हाताने धरायची नाही. बसमध्ये मांडीवर ठेवायची, वरच्या फळीवर टाकायची नाही. बाराच्या आत सभागृहात पोचवायची आणि पावती घ्यायची. अशा एकूण अकरा. विणकामातली सुई काढू नकोस, ही बारावी सूचना मात्र तिने दिली नाही. कारण असे काही कुणी करील हे तिच्या स्वप्नातही आले नसते.

"आणि तिथल्या बाईंशी जरा मोठ्यानं बोल," प्लास्टरमधला पाय उशीवर सरकवत आत्या म्हणाली. "तोंडातल्या तोंडात बोललास तर त्यांना काही ऐकू जायचं नाही."

"हो."

"काय?"

"हो म्हटलं."

"बघ. हेच म्हणते मी, पुटपुट्या."

पुटपुट्या हे नाव तिने त्याला तो पाच वर्षांचा असताना दिले होते आणि आता सत्ताविसाव्या वर्षीही ते त्याच्या अंगाला बरोबर बसत होते. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये वाचायची आणि लाल-निळ्या पेन्सिलीने त्यांच्या समासात खुणा करायच्या, हे काम त्याला मनापासून आवडे. छापलेल्या शब्दाचे त्याला भय नव्हते. बोललेल्या शब्दाची मात्र धास्ती होती. तो एकदा तोंडातून निसटला की समासात खूण करून परत घेता येत नाही. त्यामुळे तो शक्यतो बोलतच नसे, आणि चुकून खुर्चीचा धक्का लागला तर खुर्चीचीही माफी मागे.

विणकाम मंडळाच्या प्रदर्शनाचा यंदाचा विषय होता 'पाहिलेल्या वाटा'. कुणी बर्फाच्या डोंगराची टोपी विणली होती, कुणी मण्यांच्या बटव्यावर दीपस्तंभ उभा केला होता. आत्याने आयुष्यात एकच प्रवास केला होता. चाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, आतोबांबरोबर बसने समुद्र पाहायला. तो सगळा प्रवास तिने वीतभर रुंद आणि दहा हात लांब अशा पट्टीत विणला होता. वाटेतल्या प्रत्येक गावाला एक लाकडी मणी, प्रत्येक नदीला निळ्या काचमण्यांची रेघ. आठ हात अंतरावर एक टपोरा काळा मणी होता; तिथे बसचे चाक पंक्चर झाले होते. तिथपर्यंतची लोकर मातकट आणि जुनी होती, कारण तेवढा भाग आत्याने प्रवासाहून आल्या आल्याच विणला होता. पुढचा, निळ्या लोकरीचा, गेल्या वर्षीचा. म्हणजे आतोबा गेल्यानंतरचा.

आणि पुढचाच भाग सर्वांत देखणा होता. घाटातले तीन धबधबे, पाच हरणे, सात पांढरे पक्षी, सगळे मण्यांत विणलेले, आणि शेवटी समुद्र. शेवटचे टाके आत्याने बंद केलेले नव्हते. ते तसेच सुईवर ठेवले होते.

"समुद्र बंद कसा करायचा?" ती म्हणे. "राहू दे उघडा."

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. पट्टी मांडीवर, पेन्सिल खिशात, सगळे सूचनांबरहुकूम. शेजारी एक प्रशस्त देहाचे गृहस्थ येऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडून वाचू लागले. गुंडाळीतून वीतभर बाहेर आलेली सुई नेमकी त्यांच्या बरगडीच्या रोखाने होती. बस वळली की गृहस्थ इकडे झुकत आणि सुई त्यांच्यापासून बोटभर अंतरावर येऊन थबके.

"जरा सरकता का?" असे म्हणणे शक्य होते. पण ते मोठ्याने म्हणावे लागले असते. मुद्रितशोधकाने चार थांबे विचार केला. मग कुणाला त्रास नको म्हणून, अत्यंत हळुवारपणे, त्याने सुई ओढून काढली आणि खिशात पेन्सिलीशेजारी ठेवली. एका परक्या माणसाची बरगडी वाचवल्याचे समाधान त्याला शेवटून दुसऱ्या थांब्यापर्यंत पुरले.

त्या थांब्यावर पुढच्या आसनावरच्या शिवणाच्या शिक्षिका उठल्या. पिशवी सावरताना त्यांच्या छत्रीची आकडी मागे आली, गुंडाळीतून सुटलेला लोकरीचा शेवट तिने अलगद उचलला, आणि बाई उतरून चालू लागल्या. बस रहदारीत मुंगीच्या पावलांनी पुढे निघाली.

मांडीवर कसल्यातरी गुदगुल्या होताहेत, एवढेच त्याला आधी जाणवले. खाली पाहिले तर समुद्राची शेवटची ओळ नव्हती. पाहता पाहता तिच्याआधीचीही गेली. टपटप टपटप, छापलेले वाक्य कुणी उलट्या बाजूने पुसत यावे तसे टाके नाहीसे होत होते, आणि निळा धागा आसनांच्या मधल्या वाटेने, दारातून, बाहेरच्या जगात चालला होता. लोकर आत्यासारखीच चिवट. तुटण्याचे नाव नाही.

"अहो," तो म्हणाला.

"काही म्हणालात?" शेजारच्या गृहस्थांनी विचारले.

"नाही... म्हणजे... नाही."

पक्षी उडाले. दोन हरणे गेली. त्याने पट्टी छातीशी घट्ट धरली, तर उसवणे आणखीच सुबक होऊ लागले. ओरडायला हवे होते. ओरडण्यासाठी त्याने तोंड उघडले, पण आतून आले ते "माफ करा" असे काहीसे, आणि तेही खिडकीला उद्देशून. पहिला धबधबा गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आतोबा आणि आत्या यांच्यात जे काही राहिले होते ते या पट्टीत होते, आणि ते रस्त्यावर पडत होते. कारण त्याला "जरा सरकता का" एवढे म्हणता आले नव्हते.

शेवटच्या थांब्यावर बस थांबली. तिकिटे मोजत येणारा कंडक्टर धाग्याला अडखळून थेट त्या गृहस्थांच्या वर्तमानपत्रात कोसळला.

"हा दोरा कुणाचा?" तो उठत गरजला.

"समुद्र आहे तो," मुद्रितशोधक म्हणाला.

"काय आहे?"

"माझ्या आत्याचा समुद्र!" तो ओरडला. अगदी खरोखर ओरडला. त्याच्याच अंगावर काटा आला. "थांबवा! सगळं उसवतंय!"

"थांबलोयच की आपण," पुढून ड्रायव्हर म्हणाला. "ओरडायचं ते आधी ओरडायचं, भाऊ."

तेवढ्यात त्या शिवणाच्या बाई दारात आल्या, घामाघूम, हातात नारळाएवढा निळ्या लोकरीचा गुंडा. कुणीतरी "बाई, तुमच्या मागं दोरा येतोय" म्हणाल्यावर त्या वळल्या होत्या आणि धागा गुंडाळत गुंडाळत बसपर्यंत चालत आल्या होत्या.

"अहो, कुणाचं घर उसवतंय हे? मी तर घाबरलेच!"

पट्टी काळ्या मण्यापाशी थांबली होती. तिथे जुन्या आणि नव्या लोकरीची गाठ होती, आणि ती मण्यात अडकून बसली होती. मणी सगळे धाग्यात ओवलेले असल्याने एकही हरवला नव्हता. बाईंनी चष्मा लावून पाहणी केली. "दोन हात गेलंय. लोकर जाड आहे, म्हणून बरं. दोघंतिघं बसलो तर होईल. किती वाजेपर्यंत द्यायचंय?"

"बारा."

"आत्ता दहा. सुई?"

त्याने सुई दिली.

"आणि दुसरी? एका सुईनं मी काय भोसकू कुणाला?"

दुसरी सुई नव्हती. कंडक्टरने शिट्टी पुढे केली, ती नाकारण्यात आली. शेवटी मुद्रितशोधकाने खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली. जाडी जवळपास तीच निघाली. बाईंनी टाके उचलले आणि विणायला सुरुवात केली. गुंडा कंडक्टरने धरला. पंधरा मिनिटांनी बाईंचे मनगट दुखू लागले, तेव्हा ड्रायव्हर मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "द्या इकडं. आजीनं शिकवलंय. बाहेर बोलू नका कुठं."

त्याचा हात स्टिअरिंगचा, त्यामुळे टाके असे आवळ की पट्टीची कंबर बारीक झाली. बाईंचा हात सैल, त्यामुळे पुन्हा ती पसरली.

"पुढं काय येतं?" ड्रायव्हरने विचारले.

मुद्रितशोधकाने सांगायला सुरुवात केली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला तो घाट, ते धबधबे. पाय ओढत जाणाऱ्या बसच्या मागे धावणारी हरणे. आधी तो गुंड्याकडे बघून सांगत होता. मग कंडक्टरने "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हटले तसा आवाज चढला. उतरायचे राहून गेलेले ते गृहस्थही कान देऊन ऐकू लागले.

"एक मिनिट," ड्रायव्हर थांबला. "त्या रस्त्यावर मी अठरा वर्षं गाडी चालवली. घाटात धबधबा नाही. एकही नाही. आणि हरणं? तिथं शेळी दिसली तरी लोक थांबून बघतात."

"आत्या सांगते ना."

"समुद्र कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"उजव्या हाताला येतो तो!"

"जाताना की येताना?" कंडक्टर म्हणाला. "तुम्ही विणा हो. त्यांच्या आत्या बसमध्ये होत्या, तुम्ही होतात का?"

ड्रायव्हर पुटपुटत विणू लागला. पण हातांच्या ओढीत फरक पडल्याने मणी आपापल्या जागी येईनात. पक्षी धबधब्यात शिरले. हरणे, काही केल्या, समुद्रात गेली. पेन्सिलीचा लाल रंग घामट हातांनी लोकरीला लागला आणि सगळ्या निळ्या पाण्यावर गुलाबी झाक आली. पावणेबाराला शेवटची ओळ झाली.

"टाके बंद करते," बाई म्हणाल्या.

"नको." हा शब्द इतका स्वच्छ निघाला की तो स्वतःच चमकला. "तो उघडाच ठेवायचा आहे."

संध्याकाळी शेजारणीच्या गाडीतून, कुबडी टेकत, आत्या प्रदर्शनाला आली. पट्टी भिंतीवर टांगलेली होती. परीक्षक बाईंनी खाली चिठ्ठी लावली होती: 'टाक्यांच्या ताणातून घाटाची वळणे दाखवण्याची कल्पना अपूर्व. सूर्यास्ताचा रंग विशेष. उत्तेजनार्थ.'

आत्या मातकट लोकरीवरून बोट फिरवत, गावामागून गाव ओलांडत, हळूहळू पुढे आली. काळ्या मण्यापाशी थांबली. मग तिने पुढे पाहिले.

"हरणं पोहताहेत," ती म्हणाली.

मुद्रितशोधकाने सारे सांगितले. सुई, बरगडी, छत्री, पेन्सिल. एकदाही न पुटपुटता. "मी पुन्हा उसवून घेतो, आत्या. तू सांगशील तसं कुणाकडून तरी... तुमचा प्रवास होता तो. मी घालवला."

"कुठपर्यंत उसवली होती?"

"या मण्यापर्यंत."

आत्या जवळच्या खुर्चीवर बसली. तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असे वाटून तो वाकला, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"बरोबर इथपर्यंतच गेलो होतो आम्ही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चाक कसलं पंक्चर, आसच मोडला गाडीचा. दिवसभर झाडाखाली सामानावर बसून राहिलो. यांची रजा संपली. परत आलो." तिने आवाज खाली आणला. "निघताना तुझे आजोबा म्हणाले होते, या जावयाला समुद्रसुद्धा सापडायचा नाही. यांचं तोंड इतकं उतरलं होतं परत येताना. मीच म्हटलं, पाहिला म्हणून सांगू. पुढच्या वर्षी जाऊन खरा करू."

"मग धबधबे?"

"दरवर्षी जायचं राहून जायचं आणि दरवर्षी भर पडायची. पहिल्या वर्षी नुसता समुद्र होता. मग पक्षी आले. हरणं तर तुझ्या जन्मानंतरची. तू रडायला लागलास की हे तुला मांडीवर घेऊन एकेक हरीण वाढवायचे. पाचव्या हरणाला तू गप्प झालास." तिने डोळे पुसले. "तो अजून गप्पच आहेस."

मुद्रितशोधकाने त्या गुलाबी पाण्यातले वाकडे झालेले एक हरीण बोटाने सरळ केले.

"पुन्हा विणायचं का?" त्याने विचारले.

"राहू दे. पोहू देत बिचारी." मग ती म्हणाली, "डाव्या हाताला की उजव्या हाताला, ते मात्र बघायला हवं एकदा."

प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दोघे पहाटेच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसले. आत्या खिडकीशी, मांडीवर गुंडाळलेली पट्टी, तिच्यातून वीतभर बाहेर आलेली सुई. कंडक्टर आला.

"दोन!" मुद्रितशोधक म्हणाला. "शेवटपर्यंत! समुद्रापर्यंत!"

अर्धी बस वळून पाहू लागली.

"अरे, हळू," आत्याने त्याला कोपराने ढोसले. "सगळ्या गाडीला सांगायला हवं का?"

पलीकडच्या आसनावरचा एक माणूस सुईकडे बघून जरा सरकून बसला. मुद्रितशोधकाने ते पाहिले, आणि सुईला हात लावला नाही.