रंगनाथकाका आणि दुसरी बाजू

रंगनाथकाकांनी भाजीबाजारात एका बैलासमोर माइक धरला, तेव्हा आपण मास्तरकीत का पडलो, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

बैलाने एका बाईची मेथी खाल्ली होती. बाईची बाजू घेऊन झाली होती आणि ती बरीच शिवराळ होती. आता काका बैलाची घेत होते. बैलाने माइक हुंगला, चाटला आणि तो गोदावरीच्या दिशेने निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी बातमी लिहून आणली. शेवटचं वाक्य होतं, "याबाबत बैलाशी संपर्क साधला असता त्याने बोलण्यास नकार दिला."

हे सगळं माझ्याच शिकवण्याचं फळ. मी नाशिकला पत्रकारिता आणि जनसंवाद शिकवते. बातमीला दोन बाजू असतात, हे पहिल्याच तासाला सांगते. पोरं ते वहीत लिहितात आणि विसरतात. काका विसरले नाहीत. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासनिसाची नोकरी केली. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय साधा नटसुद्धा पुढे सरकत नसे. निवृत्त झाल्यावर लोक हरिपाठाला बसतात, हे एम.ए.ला बसले. प्रवेशाच्या वेळी कारण विचारलं, तर म्हणाले, "दिवसभर टीव्हीवर बातम्या बघतो, मॅडम. लय खोटं बोलतात. म्हटलं, हे शिकवतात तरी कुठं, बघून यावं."

"दुसरी बाजू घेतली का?" हे त्यांचं पालुपद. कँटीनची मिसळ जाळ तिखट झाली म्हणून एकदा सगळ्या वर्गाने ओरड केली. काकांनी आधी आचाऱ्याचं म्हणणं घेतलं, मग खाणाऱ्यांचं, मग शेजारच्या टेबलावर नुसता चहा पिणाऱ्या एका तटस्थ माणसाचं. तोवर तर्री गार होऊन गोठली. तिखटपणाबाबत मतभेद आहेत, एवढाच निष्कर्ष निघाला. आचारी मात्र तेव्हापासून त्यांना एक पाव जास्त देतो.

मग मी निधनवार्ता शिकवली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एखाद्या काल्पनिक माणसाची निधनवार्ता लिहा, असा गृहपाठ दिला. काकांना काल्पनिक माणूस पटेना. "नसलेल्या माणसाची खातरजमा कशी करायची?" म्हणून त्यांनी स्वतःचीच लिहिली. आणि खातरजमेसाठी आमच्या विभागाच्या फोनवरून थेट देवळ्याला मेहुण्यांना, दगूभाऊंना फोन लावला. आवाज बातमीदाराचा काढला.

"रंगनाथ कदम गेल्याचं कळलं. आपण दुजोरा द्याल का?"

पलीकडून हंबरडा ऐकू आला. मग प्रश्न आला, "कुठं ठेवलंय त्यांना?"

कारखान्यातला माणूस, खोटं बोलवेना. काकांनी खरा पत्ता दिला. "इथंच हाय. पत्रकारिता विभाग, दुसरा मजला."

दगूभाऊ कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत सोडून, मिळेल त्या जीपने दुपारी वर्गाच्या दारात हजर झाले. पहिल्या बाकावर मयत वही काढून बसलेलं. त्यांनी चौकट घट्ट धरली. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बातमी कळल्यावर नेमकं काय वाटलं?"

त्यावर दगूभाऊंनी जे उत्तर दिलं ते कुठलाच संपादक छापणार नाही. शिव्या संपल्यावर त्यांनी तो कागद उचलला आणि वाचला. शेवटी लिहिलं होतं, "त्यांच्या पश्चात पत्नी आणि एक मुलगा असा परिवार आहे."

"अन् सविता?" दगूभाऊंनी विचारलं. "दाजी, मेल्यावर बी पोरीचं नाव नाय घेणार का?"

काकांनी तो कागद घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. सिन्नरला नोकरीला लागलेल्या लेकीने तिथल्या कंपनीतल्याच एका मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा जातीबाहेरचा. तेव्हापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"बायको रोज दुपारी स्वयंपाकघरात तिच्याशी चोरून बोलते," ते म्हणाले. "तिला वाटतं मला माहीत नाय. दोघींना मोकळं बोलता यावं म्हणून तर मी टीव्ही मोठ्यानं लावून बसतो."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "काका, सरळ भेटून या की."

"बाप म्हणून गेलो अन् तिनं दार लावून घेतलं तर? तुम्ही कॅमेरा घेऊन चला. पत्रकाराला निदान उभं तरी करतील."

असा वेडेपणा करायला मी का तयार झाले, माहीत नाही. पण गेले. सिन्नरला तिसऱ्या मजल्यावर काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, माइक पुढे धरला आणि बेल वाजवली. सविताने दार उघडलं. तिने माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"नमस्कार," काका म्हणाले. "वडील आपल्या लग्नाला आले नाहीत. याबाबत आपली बाजू काय?"

आता दार तोंडावर आपटतंय, असं मला वाटलं.

"हार घालताना मी हॉलच्या दाराकडंच बघत होते, आण्णा," ती म्हणाली. "हार यांच्या कानाला अडकला. सगळे हसले."

तिने काकांच्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आलो होतो मी," काका म्हणाले. "हॉलसमोर रसवंती होती ना, तिथं बसलो होतो. अक्षता पडल्या, बँड वाजला. मधला रस्ता काही ओलांडता आला नाय, सवे."

मी कॅमेरा बंद केला. वर्गात मी नेमकं याच्या उलट शिकवते.