खोकं भरल्याशिवाय

ओमानमधल्या दार्सैतमध्ये कुणाच्या घरी नवा फ्रिज आला की घरच्या बाईच्याही आधी आनंद होतो परबकाकांना. फ्रिजशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. ते खोक्यासाठी आलेले असतात. डिलिव्हरीची पोरं फ्रिज जिन्यातून वर चढवत असतात आणि हे खालून सांगत असतात, "हळू रे, कोपरो चेपतलो." पोरांना वाटतं, काय काळजीचे गृहस्थ. काकांना काळजी असते ती पुठ्ठ्याच्या कोपऱ्याची.

फ्रिजचं खोकं विमानात नेता येत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ते कापून काका दुसऱ्या खोक्यांना तळ लावतात. साठी उलटलेला हा मालवणकडचा बारीक माणूस रुसैलच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे. खिशात तीन जाडे मार्कर, कमरेला निळ्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं. गोदामाच्या ओमानी मालकाने, म्हणजे त्यांच्या अर्बाबने, एकदा विचारलं होतं की या रिकाम्या खोक्यांचं तू करतोस काय. काकांनी उत्तर न देता त्याच्यासमोर एक खोकं बांधून दाखवलं. तेव्हापासून अर्बाबही घरची बुटांची, मिक्सरची खोकी गाडीत घालून आणतो.

खोक्यांबद्दल काकांची मतं पक्की आहेत. केळ्यांच्या खोक्याला भोकं असतात, त्यातून अब्रू दिसते. अंड्यांचं खोकं विश्वासाला पात्र नाही. लहान मुलांच्या डायपरचं खोकं मजबूत, पण लग्न न झालेल्या पोराला देऊ नये, गावात चर्चा होते. सगळ्यांत चांगलं दूध पावडरचं. खोकं भरून झालं की ते दोरीत उजव्या हाताची चार बोटं घालून एकदा उचलतात आणि वजन सांगतात. "अठ्ठावीस." काटा लावा अथवा लावू नका, अठ्ठावीसच भरतं. विमानतळावर मी स्वतः पाच-सहा वेळा पाहिलंय. पाव किलोचाही फरक पडला नाही.

आता ही खोकी कुणासाठी, ते सांगते.

इथे आमचा दहा-बाराजणांचा गट आहे. त्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. परवानगीशिवाय पैसे गोळा करता येत नाहीत, म्हणून आम्ही वस्तू देतो. कुणी तांदूळ, कुणी गादी, कुणी फोनचं रिचार्ज. कंपन्या बंद पडतात, मालक गायब होतात, आणि विशी-बाविशीची मुलं रस्त्यावर येतात. परतीचे कागद हातात येईपर्यंत त्यांना छप्पर लागतं. ते छप्पर म्हणजे श्रीवर्धनच्या हसीनाआपांच्या शिलाई दुकानामागची खोली. आपा मुलांना पोटभर जेवू घालतात आणि पोटभर बोलतात. त्यांचा एक नियम आहे: जो ताट धुणार नाही, त्याला दुसऱ्या दिवशी भेंडी.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची युनियन चालवायचे. आमच्या घरात गादीखाली पत्रकांचे गठ्ठे असत. गादी नसली की गठ्ठ्यांवरच झोपायचो. त्यामुळे इथे नोकरीला आल्यावर मीही एक पत्रक लिहिलं: 'परदेशी नोकरीला जाण्याआधी एजंटला विचारायचे अकरा प्रश्न'. परत जाणाऱ्या प्रत्येक मुलाने ते गावात वाटावं असा बेत होता. पन्नास प्रती काकांकडे ठेवायला दिल्या. महिन्याभराने चौकशी केली तर काका खूश. म्हणाले, "चेडवा, तुझो कागद बरो जाड आसा. सेंटची बाटली एक फुटूक नाय." अकराही प्रश्न चुरगळून बाटल्यांभोवती गुंडाळले गेले होते.

आमचं भांडण तिथे सुरू झालं.

माझं म्हणणं सरळ होतं. ज्या मुलाचा पगार बुडाला, पासपोर्ट अडकला, जो अर्धवट बांधलेल्या इमारतीत झोपला, त्याच्याबरोबर आपण चॉकलेटं, साबण, बाम आणि फुलाफुलांचं ब्लँकेट पाठवतो. का? गावाला वाटावं की पोरगा गल्फहून कमावून आला. ते खोकं अंगणात उघडलं की शेजारचा मुलगा बघतो आणि संध्याकाळी एजंटला फोन लावतो. म्हणजे पुढचा बळी आपणच तयार करतो. हा खोटेपणा आहे, आणि वर आपण त्याला दोरी बांधतो.

काका शांतपणे ऐकायचे. मग म्हणायचे, "रिकाम्या हातान घराक जाऊचा नसता." मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ते पुन्हा तेच म्हणायचे, आणि गाठ मारायचे. गंमत अशी की ते स्वतः तीस वर्षांत तीनदाच गावी गेले होते, आणि तिन्ही वेळा खांद्याला फक्त एक कापडी पिशवी होती. हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं. त्या वेळी ते दोरी कापत होते. कापतच राहिले.

आणि मग सूरज पाष्टे आला. संगमेश्वरकडचा, बावीस वर्षांचा, वेल्डर. कंपनीने कॅम्पची वीज आणि पाणी तोडलं, मुलांना बाहेर काढलं, तेव्हापासून तीन आठवडे तो रुसैलमध्ये एका छप्पर नसलेल्या इमारतीत हेल्मेट उशाला घेऊन झोपत होता. आपांच्या खोलीत आला तेव्हा आठवडाभर तो बसायचाही भिंतीला पाठ लावून. त्याचे कागद व्हायला चार महिने गेले. शेवटी देश सोडायची परवानगी मिळाली, पण ठरावीक तारखेपर्यंतची. त्या शुक्रवारी दुपारच्या विमानाने गेला तर सुटला. राहिला तर पुन्हा बेकायदा, आणि पकडला गेला तर तुरुंग.

या वेळी मी गटात विषय लावून धरला. खोकं नाही. जे सामान आहे ते मागे राहिलेल्या मुलांच्या पोटात जाऊ दे. लोकांना पटलं. सूरजलाही मी समजावलं की लाज त्या मालकाला वाटायला हवी, तुला नाही. तू ताठ मानेने जा. त्याने मान हलवली. मान हलवणाऱ्याला पटलेलं असतं, असं मला तोवर वाटायचं.

काकांनी सूरजसाठी बाजूला काढलेलं दूध पावडरचं खोकं सपाट केलं आणि काखेत मारून आपल्या खोलीवर नेलं.

शुक्रवारी सकाळी आपांचा फोन आला. सूरज नाही. बॅग आहे, पासपोर्ट आहे, तिकीट आहे, आणि पोरगा नाही. फोन बंद. मी धावत काकांकडे गेले, तर ते आधीच जिन्यात चपला घालत होते. मी म्हटलं, देवळाकडे बघू, बस स्टँडवर बघू. काकांनी टॅक्सी थांबवली आणि चालकाला थेट रुवीतला एक कोपरा सांगितला. सकाळी तिथे रोजंदारीवर जाणारी माणसं उभी राहतात. एखादी पिकअप येते, चारजणांना उचलते. त्यांतल्या पुष्कळांकडे कागद नसतात. तपासणीची गाडी आली की कोपरा क्षणात रिकामा होतो.

सूरज तिथे होता. हेल्मेट हातात धरून, रांगेत तिसरा.

मी चिडले होते, घाबरलेही होते. विचारलं, अरे, आज तुझं विमान आहे, कळतंय का तुला? तो जमिनीकडे बघत म्हणाला की दोन-तीन दिवस काम करतो, थोडं सामान घेतो, मग बघू. मी पुन्हा माझं सगळं सुरू केलं: लाज कुणाची, दोष कुणाचा. त्याने मध्येच वर बघितलं.

"ताई, आईला मी सगळं खरं सांगणार आहे. पण आमचं घर वाडीच्या पार टोकाला. एसटीतून उतरलं की तिथवर चालत जायचंय. सगळी दारात उभी असतील."

माझ्या अकरा प्रश्नांत ही वाट नव्हती.

काका त्याच्या शेजारी रांगेतच उभे राहिले, जणू त्यांनाही काम हवं होतं. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "झिला, मीयां हयच उभो होतंय. ह्याच कोपऱ्यार. माझी पयली कंपनी बुडाली तेव्हा तिकीट हातात होता. विमानतळाच्या लायनीतसून भायर इलंय. म्हटलंय, खोको भरलो की जातंय."

सूरजने विचारलं, "मग?"

"अकरा वर्सां कागद नाय. आवस वाट बघीत होती. खोको भरलो. ती ऱ्हवली नाय."

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. मग त्यांनी सूरजच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि म्हणाले, "यल्ला, चल. तुझो खोको भरलेलो आसा."

काकांच्या खोलीत मी तोवर कधी गेले नव्हते. दारापासून छतापर्यंत सपाट केलेले पुठ्ठे, आणि त्यात जेमतेम मावलेली एक खाट. खाटेखालून त्यांनी एक जुनं खोकं ओढलं. दोरीचा मूळचा रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. वर त्यांच्याच अक्षरात, पुसट झालेलं आईचं नाव: लक्ष्मी बाबाजी परब.

दोरी कापताना ते माझ्याकडे पाठ करून बसले. बामची बाटली आटली होती. टॉर्च गंजला होता. साबणांना वास उरला नव्हता. ते सगळं त्यांनी एकेक करून बाजूला ठेवलं. फुलाफुलांचं ब्लँकेट मात्र प्लास्टिकमध्ये तसंच होतं, आणि त्याच्याखाली एक हिरवी नऊवारी, घडी न मोडलेली.

"तुझी आवस नऊवारी नेसता?" त्यांनी विचारलं. सूरजने मान हलवली. या वेळी ती खरी होती.

मी उठले आणि धावत घरी गेले. माझ्या स्वयंपाकघरातली दूध पावडर, चहा, खजुराचे दोन डबे, हाताला लागेल ते पिशवीत भरलं. परत आले तेव्हा आपा चॉकलेटं आणि साबण घेऊन हजर होत्या आणि सूरजला ताट न धुता पळाल्याबद्दल ऐकवत होत्या. काकांनी भिंतीला लावलेलं सूरजचं खोकं पुन्हा उभं केलं, फ्रिजच्या पुठ्ठ्याचा तळ घातला आणि नऊवारीपासून सुरुवात केली. सगळं भरल्यावर माझ्याकडे हात पुढे केला. "तुझो कागद दी. सरळ. चुरगळूचो नाय." पत्रक त्यांनी सगळ्यांत वर ठेवलं, उघडल्याबरोबर दिसेल असं. मग मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: सुनंदा पाष्टे यांस, सूरजकडून.

विमानतळावर ते नेहमीसारखे काट्यापर्यंत आले. दोरीत चार बोटं घातली, खोकं उचललं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

"तीस," ते म्हणाले. "एक ग्रॅम जास्त नाय."

खोकं काट्यावर गेलं. आकडा थरथरला आणि थांबला. साडेएकवीस.

सूरजने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. काकांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बोटांवर उठलेल्या दोरीच्या वळाकडे.

"ह्यांचो काटो बिघडलो आसा," ते म्हणाले, आणि खोकं पट्ट्यावरून आत जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.