मिशीशेठ वारा आणायला जातात

"वाऱ्याचं मला काय सांगतोस? जन्मभर वाराच विकत आलोय मी!" मिशीशेठ गल्ल्यावरून गरजले आणि त्यांनी मिशीला पीळ भरला.

पंख्यांचं दुकान होतं त्यांचं. पाटीवर एका बाजूला पंखा रंगवलेला, दुसऱ्या बाजूला शेठची मिशी. दोन्हींचा घेर साधारण सारखाच. गिऱ्हाईक लांबून मिशी बघूनच दुकान ओळखायचं. त्या दिवशी दुकानातला फिटर मोबाइलवर काइटसर्फिंग बघत बसला होता. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर खोलीएवढा पतंग, आणि माणूस समुद्रावरून भुर्रकन आभाळात!

"त्यात काय एवढं? वारा पतंगाला ओढतो, आपण पतंग धरायचा," शेठ म्हणाले.

"शेठ, तुम्ही स्टुलावर चढलात तर स्टूल मला धरावं लागतं," फिटर म्हणाला.

समोर उभी असलेली गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. झालं! शेठचं डोकं सटकलं.

"उडून दाखवतो! फोटोसकट! नाही उडालो तर ही मिशी उतरवीन!"

बोलून गेले खरे, पण लगेच हात मिशीवर गेला. मिशीशिवाय आपण कसे दिसतो, हे शेठना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं, लग्नाआधीपासूनची मिशी ती!

आता उन्हाळ्यात पंख्यांचं दुकान सोडून जाणार कोण? म्हणून शेठनी थंडीचे दिवस निवडले. समुद्रकाठच्या हॉटेलात फोन लावला, तर मॅनेजर म्हणाला, "साहेब, सध्या सीझन नाही." शेठ एकदम खूश!

"अहो, सीझन नाही म्हणजे नेमकं काय नाही, ते विचारलंत का?" बॅग भरता भरता बायकोनं विचारलं.

"गर्दी नाही, दुसरं काय! सगळा समुद्र आपला!"

गर्दी नव्हतीच. वाराही नव्हता. समुद्र बशीतल्या दुधासारखा पडून होता. रिकामा वेळ साधून हॉटेलवाल्यांनी झाडून सगळ्या खोल्यांच्या चादरी धुऊन किनाऱ्यावर वाळत घातल्या होत्या. त्यांतली एक चादर हलेल तर शपथ! पतंग शिकवणारे मास्तर तोंडावर टोपी ठेवून खुर्चीत झोपले होते.

"मास्तर, वारा कधी येतो?"

"उन्हाळ्यात."

"आणि आत्ता?"

"आत्ता मी येतो, झोपायला. तुम्ही कशाला आलात?"

शेठ मनात म्हणाले, हे मलाही कुणीतरी सांगा!

दोन दिवस ते किनाऱ्यावर येरझारा घालत, बोट ओलं करून हवेत धरत राहिले. मास्तरांना शेवटी झोपेचाही कंटाळा आला, तेव्हा त्यांनी शिकाऊ लोकांचा छोटा पतंग काढून शेठच्या बायकोच्या हातात दिला. नावापुरती झुळूक होती, तरी ती पळून पळून तो हवेत ठेवायला शिकली.

"शाब्बास ताई! हातातली दांडी ओढू नका, सैल सोडा. त्याला त्याचं काम करू द्या!"

"पोरखेळ नुसता!" शेठ पुटपुटले. आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, आपला धंदा काय? आपण रडतोय कशासाठी?

त्यांनी फिटरला फोन लावला. "लग्नाच्या हॉलवाल्यांना भाड्यानं देतो ते दोन मोठे पंखे टेम्पोत घाल आणि इकडे ये!"

"समुद्रावर?"

"समुद्रावर!"

फिटरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "शेठ, समुद्राला उकडतंय का?"

पण आला बिचारा. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलातून वायर ओढून त्यानं कोरड्या वाळूवर दोन्ही पंखे उभे केले. शेठनी ढेरीवर पट्टा आवळला. मास्तरांनी मोठा पतंग उघडून धरला. "असलं मी आजवर बघितलेलं नाही," ते म्हणाले. शेठना ते कौतुक वाटलं.

"कर चालू!"

पंख्यांनी आधी वाळू उचलली. सगळी! मॅनेजर बोंबलत धावत आला, "माझ्या चादरी! अहो, माझ्या धुतलेल्या चादरी!" पतंग झोपेतून उठल्यासारखा अर्धवट वर आला आणि शेठना वाटलं, जमलं! त्यांनी आनंदाच्या भरात दांडी कचकन ओढली.

"सोडा! दांडी सोडा!" मास्तर ओरडले.

पण सोडतील ते शेठ कसले? पतंग गर्रकन वळला आणि शेठना फरफटत घेऊन सरळ चादरींत घुसला. वाळवणाच्या दोऱ्या तुटल्या, हॉटेलाचा फ्यूज उडाला. उडालं ते तेवढंच.

"फोटो... आला का रे?" चादरींच्या ढिगातून आवाज आला.

"कसला फोटो, शेठ! डोळे उघडले तर ना!" फिटर डोळे चोळत होता.

संध्याकाळी मॅनेजरच्या हुकमावरून शेठ चादरी झटकत बसले होते. अंगावरचे कपडे वाळूनं भरले होते, म्हणून स्वतःही एक चादरच गुंडाळली होती. आणि अचानक हातातली चादर फडफडली. समुद्रावर ढग आले होते. वारा! खराखुरा वारा!

"आला! मास्तर, पतंग काढा!"

मास्तरांनी आभाळाकडे बघितलं, मग शेठच्या ढेरीकडे बघितलं. "हा वारा हलक्या माणसाचा आहे, साहेब. तुम्ही नाही झेपायचे त्याला."

"मग मी जाऊ?" बायकोनं विचारलं.

"अगं, पडशील!"

"पाण्यातच पडेन ना?" असं म्हणून तिनं पट्टा बांधला आणि पायांतल्या चपला काढून शेठच्या हातात दिल्या. "धरा."

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं पतंग वर चढवला. दांडी सैल सोडली. फळी सरकली, एकदा धडपडली, पुन्हा उठली, आणि मग एका लाटेवरून बाईसाहेब अलगद वर! पुरुषभर उंच असेल. मिशी, पैज, फिटर, सगळं विसरून शेठ किनाऱ्यावर नाचायला लागले. "माझी बायको आहे ती! अहो मॅनेजर, बघा, माझी बायको!" इतका अभिमान त्यांना स्वतःच्या दुकानाचाही कधी वाटला नव्हता.

त्याच क्षणी फिटरनं फोटो काढला. वर वहिनी, खाली चादरीतले शेठ, हातात चपला.

परतताना टेम्पोत शेठनी घसा खाकरला. "काय आहे फिटर, उडणं शेवटी घरातच झालं की नाही?"

"झालं की! मग मिशीपण घरातच उतरवा."

उतरवली. बायकोनं बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "अहो, तुम्ही असे आहात होय!" एवढंच म्हणाली आणि हसता हसता खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक आलं. त्यानं पाटी बघितली, मग गल्ल्यावरच्या माणसाला बघितलं. "शेठ नाहीत का?"

"त्यांचा सध्या ऑफ सीझन आहे," फिटर स्टुलावरूनच म्हणाला.

गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून शेठनी डोक्यावरच्या पंख्याचं बटण दाबलं. पाती फिरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या वरच्या ओठाला वारा लागला. छान गार होता. शेठ मनात म्हणाले, च्यायला, हा तर इथंच होता की!