हक्काचा अल्पोपहार

नियमभाऊंना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं निदान नियमभाऊंचं मत होतं. तिकिटावरचा बारीक मजकूर वाचणारे सबंध घराण्यात ते एकटेच. नाव तिथूनच पडलं.

सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला विमानाने निघताना त्यांनी बायकोला फोनवर बजावलं, "उशीर झाला तर होऊ दे. दोन तास झाले की कंपनीला खायला घालावं लागतं. सोडतो की काय!"

बायको आधीच माहेरी पोचली होती. तिला काळजी आईची. जावई आल्याशिवाय ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, असा सासूबाईंचा हट्ट, आणि डॉक्टर बाहेरगावचे, संध्याकाळी परत जाणारे.

विमानप्रवास इतका आखूड, की पट्टा बांधेस्तोवर सोडायची वेळ यावी. पण विमान येईचना. फलकावरची वेळ पुढे पुढे सरकत होती. लोक वैतागले आणि नियमभाऊ मात्र खुलत गेले. शेजारच्या खुर्चीतल्या शिक्षिकाबाईंपासून सुरुवात करून त्यांनी सगळ्यांना प्रवाशांचे हक्क पढवले. चहाही मिळतो का, असं बाईंनी विचारलं. चहा तर मिळतोच, वर काहीतरी पोटभरीचंही, असं भाऊंनी छातीठोकपणे सांगितलं.

आणि दोन तास भरायला जेमतेम काही मिनिटं उरली असताना दारावर उभ्या असलेल्या कंपनीच्या मुलीने जाहीर केलं, की विमान तयार आहे, चला.

भाऊंचा चेहरा पडला. हातातोंडाशी आलेला घास! ते रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"शेवटचा माणूस आत जाईपर्यंत दोन तास उलटतील. म्हणजे उशीर दोन तासांचाच. आधी खाणं, मग विमान."

मुलीने परोपरीने विनवलं. भाऊ ढिम्म. त्यांचे नवे शिष्यही एकेक करून खुर्च्यांत परत बसले. मॅनेजर आला, हुज्जत झाली, आवाज चढले. शेवटी कंपनीने हात टेकले आणि सँडविचची खोकी आली. भाऊंनी ती स्वतःच्या हाताने वाटली. खुर्चीत बसून पहिला घास घेणार, तोच मुलगी पुन्हा बोलू लागली. वैमानिकाचे कामाचे तास संपले होते. आता विमान उद्या सकाळी.

"असं कसं? तो आत्ता तर इथेच होता!" भाऊ ओरडले.

"तासांच्या वर त्याला उडवता येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "नियमच आहे, काका."

तेल गेलं, तूप गेलं, हाती सँडविच आलं. सगळ्यांच्या नजरा भाऊंवर वळल्या. शिक्षिकाबाईंनी आपलं खोकं मुकाट्याने त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं, तिसऱ्याने जरा आपटलंच.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. डॉक्टर गेले होते. आई शेवटच्या क्षणापर्यंत दाराकडे डोळे लावून बसली होती. आता पुढची तारीख महिन्याने. भाऊंनी विमान रद्द झाल्याचं सांगितलं, का ते सांगितलं नाही. नुकसानभरपाईचा विषय काढला, तर पलीकडे फोन सासूबाईंच्या हातात गेलेला.

"माझं मेलीचं काय, आणखी महिनाभर अंधुक दिसेल," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, दिवसभर अडकून पडलात, तुम्ही काही खाल्लंत का?"

भाऊंच्या मांडीवर हनुवटीपर्यंत सँडविचं रचलेली होती. हो म्हणायची काही त्यांची हिंमत झाली नाही.