टोपी आणि काळा धूर

धूर बघून मी गाडीचा आजार ओळखतो. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर पाणी शिरलंय. काळा असेल तर गाडी रिच चालतेय, म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. शाळेत चारच इयत्ता काढल्या, पण आख्ख्या आतबाशी गावात एकाही गाडीनं मला फसवलं नाही! एक सोडून. आणि ती माझीच.

नातवाला पाळण्यात घालायचा दिवस होता. आमच्यात पाळणा मुलीच्या आईबापानं न्यायचा. तो पोचल्याशिवाय कशालाच सुरुवात नाही. वेळ बाराची. पाळणा टपावर बांधला, बायको बुरुल नवा रुमाल बांधून पुढं बसली. आणि माझं डोकं उघडं! व्याह्यांनी लेकीच्या लग्नात दिलेली पांढऱ्या लोकरीची टोपी, आमचा कलपाक, सापडेना. त्याशिवाय व्याह्यांच्या दारात जाणं म्हणजे विजार विसरून जाण्यासारखंच.

"काल संध्याकाळी तुमच्या डोक्यावर होती की हो," बुरुल म्हणाली.

"काल संध्याकाळी तुझा भाऊपण इथंच होता!"

तो भाऊ, माझा मेहुणा तालाय, नेमका आमच्यासोबत यायला फाटकातून आत येत होता. "दाजी, तुमची टोपी मला कशी बसेल? माझ्या डोक्यात मेंदू आहे."

"टोपी दे आधी, मेंदू मग दाखव!"

शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले. तालायचं तोंड उतरलं. मी तरी कुठं थांबतोय! "चोर घरातलाच निघाला," असं सगळ्यांदेखत बोललो आणि रागानं चावी फिरवली.

गाडी म्हाताऱ्या बोकडासारखी खोकली. मागून असा काळा लोट निघाला की तालाय भट्टीतून काढल्यागत दिसायला लागला.

"रिच!" मी डॉक्टरसारखं बोट वर केलं.

प्लग काढले, चुलीतल्या कोळशासारखे काळे! एअर फिल्टरचा डबा आख्खा उचलून बाजूला ठेवला, कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, चोक बघितला. गाडी चालू केली तर मांजरीसारखी गुरगुरली. "बघा!" म्हणून डबा परत बसवला. भुस्स! पुन्हा लोट. डबा काढला, मांजर. लावला, बोकड. असं तीनदा.

"दाजी, डब्यातच बघा की," तालाय हळूच म्हणाला.

"मला शिकवतोस? कालच साफ केलाय डबा, या हातानं!"

साडेबारा वाजले. तेवढ्यात घोडा दौडवत व्याही मेदेत स्वतः हजर.

"व्याहीबुवा, पाळणा अडला कुठं? पोरगं रडून रडून लालबुंद झालंय!"

"इंजिनाचा आजार किचकट आहे," मी म्हटलं.

मेदेत खाली उतरले आणि डब्याचा नट फिरवून झाकण काढलं.

आत, फिल्टरच्या गोलात, कोकरानं आचळ धरावं तशी हवेच्या भोकाला घट्ट चिकटलेली, काजळीनं काळवंडलेली माझी टोपी!

तेव्हा आठवलं. काल फिल्टर झटकून बसवताना वारा सुटला. टोपी जमिनीवर ठेवायची नसते, आणि टपावर धूळ. मी विचार केला, या डब्याचं कामच धूळ अडवणं, मग टोपीला याहून चांगली जागा कुठली? आत ठेवली, वर झाकण ठेवलं. तेवढ्यात या तालायनंच चहाला हाक मारली. सकाळी झाकण सैल दिसलं म्हणून नट करकचून आवळला.

मी खाली बघितलं. गाडीखाली शिरायला जागा आहे का, तेही बघितलं.

"तालाय, चुकलं माझं."

"काय दाजी? इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही."

इंजिन बंद होतं.

"चुकलं माझं!" मी ओरडलो. कुंपणावरच्या सगळ्यांनी मान हलवली.

मेदेतनी टोपी दोनदा झटकली आणि आपल्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवली. "मी दिलेली आहे. हीच घालून चला."

चाललो. एवढी गुणी गाडी मी जन्मात चालवली नव्हती. पाळणा मांडला, नातू हातात आला. मुका घ्यायला वाकलो, तर त्याच्या कपाळावर काळा ठपका!

मी पुसायला लागलो. विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे हो, दृष्ट लागणार नाही."

मागून तालाय म्हणाला, "काळजी नको! दाजींच्या टोपीत अजून दहा नातवंडांपुरती काजळी आहे!"